कॉलेजची असाइनमेंट, कंपनीचा फुकट कंटेंट: ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहते, आधी जाहिरात एजन्सीत कॉपी लिहायचे, आता काही वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांमध्ये मास मीडियाच्या वर्गांना व्हिजिटिंग म्हणून शिकवते. दर सेमिस्टरला ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ सुरू झाले की मुलांचे तेच तेच मेसेज येतात, कधी लेक्चर संपल्यावर जिन्यात गाठून विचारतात, कधी रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते कायदा उघडून वाचून लिहिलंय, पण प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं तर वकिलाला दाखवाच.

लाइव्ह प्रोजेक्ट म्हणजे नक्की काय, आणि त्यात वाईट काय आहे?

कंपनीचा माणूस वर्गात येतो, पाऊण तास गेस्ट लेक्चर देतो, शेवटी एक ब्रीफ देतो. आमच्या अॅपसाठी ब्लॉग लिहा, रील्स बनवा, लोगो करा, मराठी भाषांतर करा, ५० लोकांचा सर्व्हे करा. ते तुमचं इंटर्नल म्हणून धरलं जातं, २० मार्क. बेस्ट टीमला सर्टिफिकेट. आता समजा वर्गात ६० जण आहेत आणि प्रत्येकाने ३ ब्लॉग दिले, तर कंपनीकडे १८० ब्लॉग गेले, आणि बदल्यात तिने काय दिलं तर पाऊण तास आणि एक कागद. आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात.

खऱ्या ब्रीफवर काम करण्यात वाईट काहीच नाही. वाईट हे की तुम्ही मार्कांसाठी केलेलं काम न विचारता, नाव न लावता, पैसे न देता धंद्यात वापरलं जातं, आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही कारण मार्क तिथेच अडकलेत.

पण मॅम, शिकायला तर मिळतं ना? एक्सपोजर मिळतं.

मिळतं, थोडं. मी पण हेच म्हणायचे, म्हणून ही गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका वर्गात एक कंपनी आणली होती, घरगुती डब्याचं अॅप होतं, त्यांना एरियाप्रमाणे लेख हवे होते. एका मुलीने नौपाड्यातल्या एका काकूंच्या पोळीभाजी केंद्रावर लिहिलं, सकाळी सहाला पहिला तवा कसा चढतो, परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या मुलांना एक पोळी जास्त कशी जाते, असं सगळं तिथे दोन दिवस बसून बघून लिहिलं होतं. मार्क कंपनीचा माणूस आणि मी मिळून देणार होतो, त्याने तिला १४ वर आणलं, म्हणाला लेख ‘ब्रँडला धरून नाही’, आणि मी ते ऐकून घेतलं. तीन महिन्यांनी तिने ऐरोलीहून गाडीत बसल्या बसल्या मला लिंक पाठवली, तिचाच लेख कंपनीच्या साइटवर, वाक्य न वाक्य तेच, काकूंचा फोटोसुद्धा तिनेच काढलेला, आणि खाली नाव कोणाचं तर ‘टीम’. तिने फक्त एवढंच विचारलं की मॅम, १४ चा होता ना लेख, मग लावला कसा?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिची माफी मागितली आणि कंपनीकडून लेख काढून घेतला, त्याला सहा मेल लागले. त्यानंतर मी वर्गात कुठलीच कंपनी तशी आणलेली नाही.

शिकणं फीडबॅकमधून होतं, कोणीतरी तुमच्या ओळीवर बोट ठेवून हे का ढिलं पडलंय ते सांगतं तेव्हा. एजन्सीत आम्हाला ट्रेनी असताना जुनी, संपलेली ब्रीफं द्यायचे, त्यावर जेवढं शिकलो तेवढं पुढे कशातच नाही, आणि त्यातली एक ओळ पण कोणी वापरली नाही. त्यामुळे कंपनीला काम वापरू दिलं तरच शिकता येतं हे मला पटत नाही.

असाइनमेंटचा मालक कोण? मी, कॉलेज, की कंपनी?

तुम्ही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्याच्या कलम १७ प्रमाणे ज्याने लिहिलं, काढलं, रचलं तो पहिला मालक. रजिस्टर करावं लागत नाही, काम कागदावर किंवा फाइलमध्ये उतरलं की हक्क आला, आणि तो तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. रजिस्ट्रेशन करायचं असेल तर लेखासाठी सरकारी फी ५०० रुपये आहे, पण ते पुराव्यासाठी.

नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं, हा अपवाद त्याच कलमात आहे. पण विद्यार्थी कॉलेजचा नोकर नाही, उलट फी भरतो, आणि कंपनीचा तर कोणीच नाही. फोटोंचं वेगळं आहे, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले तर सहसा ते सांगणाऱ्याचे होतात, पण मोबदला दिला असेल तरच. त्यामुळे फुकटात काढून दिलेल्या फोटोवर ‘आम्हीच सांगितलं होतं ना काढायला’ एवढ्यावर कंपनीची मालकी येत नाही.

शिकवण्यासाठी वर्गात तुमचं काम दाखवणं, त्यावर चर्चा करणं, याला कायद्यात सूट आहे आणि असायलाच हवी. ती सूट वर्गापुरती आहे, कंपनीच्या साइटला ती लागू नाही.

सरांनी पहिल्याच लेक्चरला सांगितलं होतं की सबमिट केलेलं सगळं कंपनीचं होईल. मग?

तोंडी सांगून मालकी बदलत नाही. कलम १९ वाचा, अगदी सोपं आहे: हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी लागतं आणि देणाऱ्याची सही लागते. त्या कागदात कुठलं काम, कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी, आणि मोबदला काय, हे सगळं यायला हवं. काळ लिहिला नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कॉलेजने कंपनीबरोबर एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, केला असेल तरी तो त्या दोघांमधला, त्यावर तुमची सही नाही, आणि जे कॉलेजचंच नाही ते कॉलेज देणार कसं?

हे बहुतेक सरांना माहीतच नसतं. ते वाईट नसतात, वर्षाला इतके इंडस्ट्री टाय-अप दाखवा म्हणून त्यांच्यावर पण वरून प्रेशर असतं.

गूगल फॉर्मवर ‘आय अॅग्री’ला टिक मारल्याशिवाय सबमिटच होत नव्हतं.

त्या टिकला हलक्यात घेऊ नका, आयटी कायद्यात ऑनलाइन झालेल्या कराराला मान्यता आहे. म्हणून टिक मारायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, पूर्ण, तारखेसकट. आणि त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला एक साधा मेल टाका की ‘मी हे फक्त मूल्यमापनासाठी सबमिट करतोय, कंपनीने वापरायचं असल्यास माझी वेगळी लेखी परवानगी घ्यावी.’ दोन ओळी, भांडण नाही काही नाही. नंतर हाच मेल कामाला येतो.

माझं वय अजून १७ आहे, एफवायला आहे.

मग तुमची सही करार म्हणून चालतच नाही. करार कायदा १८७२ चा, त्यात सज्ञान असणं ही अट आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच रद्द असतो हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, १९०३ सालीच सांगून ठेवलंय. बारावी होऊन आलेली बरीच मुलं जून-जुलैत १७ चीच असतात, हे कॉलेजांच्या लक्षातच येत नाही.

ओजेटी आणि इंटर्नशिप पण यातच येते का?

नाही, हे वेगळं धरा. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट यांना क्रेडिट्स आहेत, ४ क्रेडिटचं ट्रेनिंग म्हणजे साधारण १२० तास. तिथे तुम्ही महापे नाहीतर वागळे इस्टेटच्या ऑफिसात जाऊन बसता, कोणीतरी वरिष्ठ शिकवतो, काम कंपनीचंच असतं हे आधीपासून माहीत असतं. लक्षात ठेवा, कलम १७ मधल्या नोकरीच्या अपवादात अॅप्रेंटिसशिप पण आहे, म्हणून तसा करार असेल तर काम कंपनीचं होऊ शकतं. ऑफर लेटर वाचून सही करा.

पैशांचं म्हणाल तर महाराष्ट्र सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला महिन्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० विद्यावेतन ठरवलं होतं. म्हणजे शिकता शिकता केलेल्या कामालाही किंमत असते हे सरकारने मान्य केलंय. कंपनी म्हणते ‘तुम्ही अजून शिकताय’, तेव्हा हे आकडे सांगा.

त्यांनी माझं लिखाण घेतलं नाही, फक्त आयडिया घेतली.

हे अवघड आहे, खोटी आशा देत नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद प्रकरणात ते स्पष्ट केलंय. तुमची कॅम्पेनची कल्पना त्यांनी वेगळ्या शब्दांत, वेगळ्या चित्रांत केली तर कॉपीराइटने फार काही हाताला लागत नाही. दुसरा रस्ता आहे तो गोपनीयतेचा. एका मालिकेची संकल्पना वाहिनीला विश्वासाने सांगितली आणि वाहिनीने तशीच मालिका आणली, तेव्हा २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ज्यांची संकल्पना होती त्यांच्या बाजूने मनाई कायम ठेवली. पण त्यांच्याकडे संकल्पना तपशिलात लिहिलेली होती आणि कधी, कोणाला दिली हे दाखवता येत होतं. म्हणून प्रेझेंटेशनच्या प्रत्येक स्लाइडवर नाव, तारीख आणि ‘गोपनीय, फक्त मूल्यमापनासाठी’ एवढं टाका, आणि वर्गात दाखवायच्या आधी स्वतःला मेल करून ठेवा. इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुमचं काम पेटंटसारखं असेल तर कंपनीसमोर किंवा प्रदर्शनात दाखवायच्या आधीच अर्जाचं बघा, जगाला दाखवून झाल्यावर पेटंट मिळणं फार कठीण होतं.

पैसे नकोत, पण निदान नाव तरी लावायला हवं होतं. तेवढं मागू शकते का?

मागू शकतेस काय, मागच. कलम ५७ त्यासाठीच आहे. हक्क विकून टाकल्यानंतरही लेखक म्हणून नाव लावून घ्यायचा हक्क तुझ्याकडेच राहतो, आणि कामाची मोडतोड करून तुझी बदनामी होत असेल तर ते थांबवायचा पण. मला विचारलं तर विद्यार्थ्यासाठी हेच सगळ्यात मोठं आहे, कारण पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला हे मी लिहिलंय म्हणून दाखवायला छापलेलं नाव लागतं, ‘बेस्ट टीम’चं सर्टिफिकेट कोणी उघडूनसुद्धा बघत नाही.

प्ले स्टोअरवर ५ स्टार रिव्ह्यू टाका, इन्स्टावर पोस्ट करा, स्क्रीनशॉट सबमिट करा, त्याचे ५ मार्क. हे चालतं?

मला हे सगळ्यात जास्त खटकतं. यात तुमचं काम तर जातंच, वर तुमचं नाव लावून लोकांना फसवलं जातं. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानक २०२२ मध्ये आलंय, आणि काहीतरी मिळवून केलेली जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहा हे जाहिरात क्षेत्राच्या आणि ग्राहक संरक्षणाच्या नियमांमध्ये आहे. मार्क हे पण ‘काहीतरी मिळणं’च आहे. अॅप न वापरता ५ स्टार देऊ नका. वापरून ३ वाटले तर ३ द्या, आणि तसं लिहा.

सर्व्हेत ५० लोकांची नावं आणि मोबाइल नंबर आणायला सांगितलेत.

थांबा. सर्व्हेला मोबाइल नंबर कशाला लागतो? मार्केट रिसर्चच्या उत्तरांना वय, एरिया, सवयी पुरतात. नंबर लागतो तो विक्रीचे फोन करायला. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर उभं राहून ‘काकू, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे’ म्हटलं की लोक विश्वासाने नंबर देतात, पोरगं उन्हात उभं आहे म्हणून देतात, आणि आठवड्याने त्याच काकूंना लोनचे, इन्शुरन्सचे फोन सुरू होतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचं मूळच हे की माहिती ज्या कारणासाठी मागितली त्याची स्पष्ट संमती हवी. तुम्ही कॉलेजचं कारण सांगून कंपनीसाठी नंबर गोळा केले तर ती संमती राहत नाही, आणि तोंड तुमचं लक्षात राहतं, कंपनीचं नाही. नंबरचा कॉलम गाळून सबमिट करा, मेथडॉलॉजीत लिहा की गोपनीयतेसाठी नंबर घेतले नाहीत. नीट समजावून सांगितलं तर याला मार्क कापणारे सर मला अजून भेटलेले नाहीत.

मराठी विभागात ‘अनुवाद कार्यशाळा’ म्हणून एका अॅपचा मजकूर वाटून दिलाय.

मजकूर कुठला आहे ते बघा. कार्यशाळेचा असेल तर सगळ्यांना एकच उतारा मिळेल, कारण तुलना करूनच अनुवाद शिकवता येतो. प्रत्येकाला वेगवेगळी १० पानं मिळाली असतील, आणि शेवटी एक्सेलमध्ये ओळ नंबरप्रमाणे भरायचं असेल, तर ते उत्पादन चाललंय. जगात हे नवीन नाही, डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अॅपने २०१३ मध्ये भाषा शिकणाऱ्यांच्या सरावातून सीएनएन आणि बझफीडच्या बातम्यांचे अनुवाद करून द्यायचे करार केले होते, पण तिथे निदान शिकणाऱ्यांना भाषा फुकट शिकवली जात होती. अनुवादाचा कॉपीराइट अनुवादकाचा असतो. मराठीच्या मुलांना आधीच कामं कमी मिळतात आणि जे मिळू शकतं तेच फुकटात करून घेतलं तर पुढच्या बॅचला पैसे देणार कोण?

प्लेजरिझम सॉफ्टवेअर आणि एआय कंपन्या पण आमची असाइनमेंट ठेवून घेतात का?

प्लेजरिझमचं सॉफ्टवेअर चालतंच साठ्यावर, आलेला पेपर पुढच्या पेपरशी जुळवायला ठेवला जातो. अमेरिकेत शाळेच्या मुलांनी टर्निटिन नावाच्या अशाच सॉफ्टवेअरच्या मालक कंपनीवर याच मुद्द्यावर केस केली, २००९ मध्ये अपील कोर्टात मुलं हरली, कोर्ट म्हणालं हा योग्य वापर आहे. २०१९ मध्ये टर्निटिन सुमारे १७५ कोटी डॉलरला विकली गेली, आणि त्या किमतीत जगभरातल्या मुलांनी भरलेल्या पेपरांचा वाटा आहेच की. २०२४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे जुने ८२९ पेपर एआय ट्रेनिंगसाठी विकायला असल्याची जाहिरात एका व्हेंडरने केली, बोंब झाल्यावर विद्यापीठाने हात वर केले की व्हेंडरने चुकीची माहिती दिली.

आपल्याकडे मास्टर्स-पीएचडीला तपासणी टाळता येत नाही, आणि चोरी पकडली जावी हे मला पण हवंय. तुम्ही विचारायचं एवढंच की माझी फाइल रिपोझिटरीत, म्हणजे त्यांच्या साठ्यात, राहते की तपासून काढून टाकतात. पुष्कळ ठिकाणी न साठवण्याची सेटिंग असते, फक्त लायब्ररीत कोणाला ती वापरायचं सुचत नाही.

नाही म्हटलं तर मार्क जातील. खरं सांगा, काय करू?

माहीत आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा. एकट्याने उठून नाही म्हणू नका, एवढं माझं ऐका. सीआरला, म्हणजे वर्गप्रतिनिधीला, घेऊन १०-१५ जणांनी मिळून कोऑर्डिनेटरला लेखी विचारा, आणि नकार देण्याऐवजी पर्याय मागा: ज्यांना कंपनीला काम द्यायचं नाही त्यांना तेवढ्याच मार्कांची दुसरी असाइनमेंट मिळावी, आणि मार्क कंपनीने न देता शिक्षकांनी द्यावेत. यात उद्धटपणा कुठेच नाही, त्यामुळे नाही म्हणणं त्यांनाच जड जातं. माझ्या एका वर्गाने कोपरखैरण्यात असंच केलं, दोन दिवसांत एचओडी मॅमनी दुसरा टॉपिक दिला आणि वर मुलांना म्हणाल्या की आधी का नाही सांगितलंत.

काम वापरून झालंय, आता कळलं. आता?

आधी पुरावा. पानाचा स्क्रीनशॉट लिंक आणि तारखेसकट, आणि वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर ते पान सेव्ह करा म्हणजे त्यांनी उडवलं तरी राहतं. तुमची मूळ फाइल, सबमिशनचा मेल, गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी एका फोल्डरमध्ये टाका. मग कंपनीला शांत मेल: हे काम माझं, परवानगी दिलेली नाही, एकतर नाव आणि मानधन द्या नाहीतर ७ दिवसांत काढा. बऱ्याचदा इथेच संपतं, कारण कंपन्यांना कॉलेजशी वाकडं नको असतं.

नाही संपलं तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ती असायलाच हवी, तिने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो, निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांनी ३० दिवसांत निपटारा करायचा प्रयत्न करायचा असतो. कोर्टापर्यंत जायचं झालं तर कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी. वाशी-नेरुळवाले ठाणे जिल्ह्यात येतात, पनवेलवाले रायगडमध्ये. पण एका ब्लॉगसाठी कोर्टात जा असं मी म्हणणार नाही, वर्षं जातात.

मी शिक्षक आहे. मग इंडस्ट्री वर्गात आणायचीच नाही का?

आणा ना. फक्त ब्रीफ जुनं घ्या, किंवा काल्पनिक कंपनीचं बनवा. खरंच नवीन ब्रीफ असेल तर मार्क लागून, लिस्ट लागून झाल्यावरच कंपनीला काम दाखवा, आणि एखादं आवडलं तर कंपनीने त्या मुलाशी थेट, लेखी, पैसे देऊन व्यवहार करावा. मार्कांचा आणि वापराचा संबंध एवढा तोडला तरी निम्मे प्रश्न संपतात. आणि गरज असलेली पुष्कळ माणसं आजूबाजूला आहेत, बचत गट, वाचनालयं, तलावांसाठी धडपडणारी मंडळं. त्यांना काम द्यायचं तरी मुलांना विचारून आणि नाव लावूनच.

कंपनीसाठी केलेलं काम मी माझ्या पोर्टफोलिओत टाकू शकतो का?

हक्क लिहून दिले नसतील तर बिनधास्त टाक, तुझंच आहे. कंपनीचा लोगो वापरलास तर ‘कॉलेज प्रोजेक्ट’ असं स्पष्ट लिही, नाहीतर बघणाऱ्याला वाटेल तू तिथे नोकरी केलीस. ग्रुपचं काम असेल तर बाकीच्यांची नावं आणि तू त्यात नक्की काय केलंस ते पण लिही.

ती नौपाड्याची मुलगी आता एका ठिकाणी लिहिते, पगारावर, आणि तिच्या पोर्टफोलिओत पहिलं पान त्याच काकूंच्या पोळीभाजी केंद्राचं आहे.